१९६८ च्या फियाटचा विमा : हप्ता परवडेल आणि किंमतही खरी लागेल, असे कसे जमवावे?

कोथरूडकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. वडिलांनी १९६८ साली नवी घेतलेली फियाट ११०० डी त्यांच्या पश्चात माझ्याकडे आली आहे. शेवटची काही वर्षे ती अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. गेल्या सव्वा वर्षात मी तिचे तळापासून पत्राकाम करून घेतले, इंजिन उघडून बसवले, जुन्या बाजारात रविवारमागून रविवार घालवून मूळ ग्रिल आणि मागच्या दिव्यांच्या काचा मिळवल्या. रंगही वडिलांनी निवडलेलाच, फिकट राखाडी, पुन्हा दिला. पावत्या जपून ठेवल्या आहेत आणि त्यांची बेरीज ३,८०,००० रुपयांवर गेली आहे.

आता विम्याचे नूतनीकरण आले. कंपनीने पाठवलेल्या पत्रात गाडीची आयडीव्ही, म्हणजे विमा ज्या किमतीवर उतरवला जातो ती रक्कम, ३०,००० रुपये धरली आहे. खिडकीवरच्या गृहस्थांना मी ती वाढवण्याची विनंती केली, तेव्हा संगणकात याहून जास्त भरता येत नाही असे उत्तर मिळाले. दुसऱ्या एका कंपनीच्या संकेतस्थळावर तर १५ वर्षांपुढच्या गाडीला फक्त थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीपुरता) विमाच दिसतो. मला वर्षाला वीस-पंचवीस हजार भरणे शक्य नाही, परंतु उद्या गाडीला काही झाले तर ३०,००० रुपये हातात घेऊन बसण्याचीही माझी तयारी नाही. ज्यांनी हा प्रश्न सोडवला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

घाटरस्ता

माझ्याकडे ॲम्बेसेडर आहे आणि मी गेली अनेक वर्षे केवळ थर्ड पार्टी विमा घेतो. आपली फियाट १,०८९ सीसीची आणि माझी गाडी १,४८९ सीसीची, त्यामुळे दोन्ही १,००० ते १,५०० सीसीच्या गटात येतात. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार या गटाचा वार्षिक हप्ता ३,४१६ रुपये आहे आणि १८ टक्के जीएसटी धरून तो ४,०३१ रुपयांच्या आसपास जातो. कायद्याने सक्तीचा आहे तो एवढाच विमा. गाडी रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाते आणि परत येते. इतक्या कमी वापरासाठी जास्तीचे पैसे भरण्यापेक्षा तेच पैसे मी दरवर्षी बाजूला ठेवतो आणि त्यातून डेंटिंग-पेंटिंगची कामे करून घेतो. माझ्या मते आपणही हाच मार्ग धरावा.

चिपळूणवासी

घाटरस्ता यांचा हिशेब ओरखड्यांपुरता बरोबर आहे, मीही तोच करत होतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी आले तेव्हा आमची १९७४ ची ॲम्बेसेडर खालच्या अंगणात उभी होती आणि पाणी तिच्या टपावरून गेले. ओसरल्यावर दार उघडले तेव्हा आतून चिखल बाहेर आला, मागच्या बैठकीच्या स्प्रिंगांमध्ये भाताचे तूस अडकलेले होते आणि स्पीडोमीटरच्या काचेआड काट्याच्या निम्म्यापर्यंत गढूळ पाणी साचून राहिलेले होते. आठवडाभर घरातले सगळे हात त्या चिखलात होते. थर्ड पार्टी विमा समोरच्याच्या नुकसानीसाठी असतो, आपल्या गाडीसाठी नाही, ही गोष्ट मला माहीत होती, त्यामुळे कोणावर राग काढण्यासारखे काही नव्हते. इंजिन आणि वायरिंग मिळून १,४०,००० रुपये घरातून गेले आणि बैठका अजून झालेल्या नाहीत.

उभ्या गाडीला धोका नसतो असे समजून कोणी निर्णय घेऊ नये, एवढ्यासाठी हे लिहिले. आणखी एक गोष्ट सांगतो. काही कंपन्या थर्ड पार्टीबरोबर फक्त आग आणि चोरी यांचे जोडसंरक्षण देतात आणि ते स्वस्त पडते. परंतु त्यात पुराचा समावेश नसतो, त्यामुळे नदीकाठच्या माणसाला त्याचा उपयोग मर्यादित आहे.

निवृत्त_सर्व्हेअर

मी सत्तावीस वर्षे वाहन विम्याचे सर्व्हे केले आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. हे वाचून कंटाळा आला तरी चालेल, परंतु ३०,००० च्या आयडीव्हीवर सही करण्यापूर्वी पूर्ण वाचावे, ही कळकळीची विनंती.

सर्वांत आधी, विमा अजून वडिलांच्या नावावर आहे का, ते पाहावे. विमाधारकाच्या निधनानंतर पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंतच वारसांसाठी चालू राहते. त्या अवधीत आरसी, म्हणजे गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र, आणि पॉलिसी दोन्ही आपल्या नावावर झाली पाहिजेत. आरसी एकाच्या नावावर आणि पॉलिसी दुसऱ्याच्या, अशा स्थितीत दावा आला की बाकी सर्व कागद चोख असूनही तो अडकतो. मी स्वतः असे अहवाल लिहिले आहेत आणि लिहिताना वाईट वाटले आहे.

आता किमतीबद्दल. घसाऱ्याचा, म्हणजे गाडीच्या वयाप्रमाणे किंमत घटवण्याचा, जो तक्ता सर्वांना ठाऊक आहे, सहा महिन्यांपर्यंत ५ टक्क्यांपासून पाचव्या वर्षी ५० टक्क्यांपर्यंत, तो पाच वर्षांवर संपतो. त्यापुढच्या गाडीची आयडीव्ही विमा कंपनी आणि गाडीमालक यांनी परस्परसंमतीने ठरवायची असते. म्हणजे ३०,००० हा आकडा कोणत्याही नियमाने आलेला नाही, तो कोणीतरी सोयीसाठी टाकलेला आकडा आहे. खिडकीवर त्याचे उत्तर मिळणार नाही. शाखेतील अंडररायटिंग पाहणाऱ्या, म्हणजे विमा कोणत्या अटींवर स्वीकारायचा ते ठरवणाऱ्या, अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा लागेल.

कमी आयडीव्हीचा धोका केवळ गाडी पूर्ण नष्ट झाली तरच असतो असे बहुतेकांना वाटते, आणि इथेच माणसे फसतात. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण नुकसानीत काढली जाते. ३०,००० चे ७५ टक्के म्हणजे २२,५००. समजा, सिग्नलला मागून टेम्पो आला आणि आपली गाडी पुढच्या गाडीवर ढकलली गेली. ग्रिल आणि दोन्ही बंपर मिळून १८,०००, मजुरी ९,००० आणि रंगकाम १२,०००, असे ३९,००० चे बिल झाले. दहा वर्षांपुढच्या गाडीच्या धातूच्या भागांवर निम्मा घसारा लागतो, म्हणजे १८,००० चे ९,००० झाले. मजुरी पूर्ण मिळते. रंगकामाच्या एकत्रित बिलातला चौथा हिस्सा साहित्याचा धरतात आणि त्यावर निम्मा घसारा लावतात, म्हणून १२,००० तून १,५०० वजा होऊन १०,५०० राहिले. एकूण २८,५०० आणि त्यातून १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीची सक्तीची वजावट १,००० काढली की २७,५००. हा आकडाही २२,५०० च्या वर आहे. म्हणजे चालू स्थितीतली, घासूनपुसून उभी केलेली गाडी कागदोपत्री भंगारात गेली. मग कंपनी एकतर ३०,००० देऊन सांगाडा मागते, किंवा भंगाराची किंमत कापून उरलेली रक्कम हातावर ठेवते, आणि आरसी रद्द करून आणण्याचा विषय निघतो. दोन बंपरांपायी वडिलांची गाडी गमावण्याची ही वाट आहे. हीच गाडी ३,५०,००० च्या आयडीव्हीवर असती तर २७,५०० चा साधा दावा झाला असता.

म्हणून हप्ता वाचवायचा असेल तर तो आयडीव्ही खाली आणून कधीही वाचवू नये. वाचवण्याच्या जागा वेगळ्या आहेत. पहिली जागा म्हणजे स्वेच्छा वजावट. जुन्या टॅरिफप्रमाणे, म्हणजे पूर्वीच्या ठरावीक विमा दरपत्रकाप्रमाणे, १५,००० रुपयांपर्यंतचे नुकसान आपण स्वतः सोसण्याचे मान्य केले, तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ३५ टक्के, परंतु जास्तीत जास्त २,५०० रुपये, सूट मिळते. तुमच्यासारखा माणूस बारीक पोचा आपल्या विश्वासाच्या मेकॅनिककडेच काढून घेतो, त्यामुळे ही वजावट सोसण्यासारखी आहे. दुसरी जागा नो क्लेम बोनसची, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सुटीची. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. आपण अलीकडे दुसरी एखादी खासगी मोटार विकली असेल, तर तिच्यावरचा बोनस राखून ठेवल्याचे पत्र त्या कंपनीकडून घ्यावे. ते तीन वर्षे चालते. तिसरी गोष्ट, १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण आपल्या दुसऱ्या वाहनाच्या पॉलिसीत आधीच असेल, तर ते इथे पुन्हा विकत घेण्याची गरज नाही. तसे घोषणापत्र द्यावे.

थर्ड पार्टी मालमत्तेची साडेसात लाखांची मर्यादा ६,००० वर आणून १०० रुपये वाचवण्याचा पर्याय कोणी सुचवला, तर मात्र तो घेऊ नये. आजच्या एका मोटारीचा एक दिवासुद्धा ६,००० त येत नाही.

कोथरूडकर

काका, इतके विस्ताराने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. ७५ टक्क्यांचा हिशेब मी बायकोला वाचून दाखवला आणि आम्ही दोघेही थोडा वेळ गप्प बसलो. आरसी फेब्रुवारीत माझ्या नावावर झाली आहे, पॉलिसी मात्र राहून गेली, ते काम उद्याच करतो. मे महिन्यात मी माझी छोटी हॅचबॅक विकली, तिच्यावर ५० टक्के बोनस होता.

एक शंका उरते. विंटेज गाड्यांना थर्ड पार्टी हप्त्यात निम्मी सवलत आहे असे वाचले. माझी गाडी ५० वर्षांहून जुनी आहे. ती सवलत मला मागता येईल का?

निवृत्त_सर्व्हेअर

इथे विंटेज या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि ते एकत्र केले की घोटाळा होतो.

पहिला अर्थ २००२ च्या मोटर टॅरिफमधला आहे. त्यानुसार ३१ डिसेंबर १९४० पूर्वी तयार झालेली आणि विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने तसे प्रमाणित केलेली गाडीच विंटेज असते. तिला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २५ टक्के सूट आहे. त्याहून मोलाची बाब अशी की, मान्य किमतीची पॉलिसी, म्हणजे गाडी नष्ट झाल्यास ठरलेली रक्कम घसारा न कापता देणारी पॉलिसी, टॅरिफने केवळ याच गाड्यांना दिली. आपली १९६८ ची फियाट त्यात बसत नाही.

दुसरा अर्थ केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये आला. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, व्यावसायिक वापरात नसलेली आणि चेसिस, सांगाडा व इंजिन मुळाबरहुकूम असलेली दुचाकी किंवा चारचाकी या नियमांखाली विंटेज म्हणून नोंदवता येते. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो, नव्या नोंदणीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो आणि नोंदणी दहा वर्षे टिकते. २०२२ च्या दरपत्रकातली थर्ड पार्टीची निम्मी सवलत अशा नोंदणीकृत गाडीला आहे. गाडी नुसती ५० वर्षांची होऊन भागत नाही, आरसीवर तशी नोंद हवी.

आता फायद्याचा हिशेब पाहा. आपल्या गटात ३,४१६ चे निम्मे १,७०८ आणि जीएसटीसह वर्षाला २,०१५ रुपये वाचतील. नियमांतील शुल्क नव्या नोंदणीला २०,००० आणि पुनर्नोंदणीला ५,००० आहे. आपल्याला यांपैकी कोणते लागू होईल ते आरटीओतून लेखी विचारून घ्यावे. ५,००० लागले तर अडीच वर्षांत वसूल होतात, २०,००० लागले तर दहा वर्षांची मुदत संपता संपता बरोबरी होते. १,५०० सीसीवरच्या जुन्या अमेरिकन गाड्यांचा हप्ता ७,८९७ आहे, तिथे जीएसटीसह वर्षाला साडेचार हजारांहून जास्त वाचतात आणि गणित वेगळे होते.

परंतु पैशांपेक्षा वापराचा प्रश्न मोठा आहे. विंटेज म्हणून नोंदवलेली गाडी प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, विंटेज रॅली आणि इंधन व देखभालीसाठीच रस्त्यावर आणता येते. नेहमीच्या वापराला मनाई आहे. आईला घेऊन दर चतुर्थीला सारसबागेत जायचे असेल, तर ही नोंदणी आपल्यासाठी नाही. नोंदणीच्या अटीबाहेरच्या वापरात अपघात झाला, तर विमा कंपनीच्या हाती आपणच वादाचा मुद्दा दिल्यासारखे होईल.

एडिसनकर

न्यू जर्सीहून लिहीत आहे. माझ्याकडे १९७२ ची फोक्सवॅगन बीटल आहे. इकडे २५ वर्षांपुढच्या गाडीला ऐतिहासिक वाहनाची ‘क्यूक्यू’ पाटी मिळते आणि तिच्या वापरावर तुमच्याकडच्यासारखीच बंधने असतात. संग्राह्य गाड्यांचा विमा उतरवणाऱ्या कंपन्याच वेगळ्या आहेत. त्यांतली हॅगर्टी १९८४ मध्ये मिशिगनमध्ये लाकडी होड्यांच्या विम्यापासून सुरू झाली. हप्ता नेहमीच्या विम्यापेक्षा बराच कमी असतो, कारण अटी तशा असतात. गाडी बंद गॅरेजमध्ये हवी, रोजच्या वापराला दुसरी गाडी हवी आणि बहुतेक पॉलिसींत वर्षाच्या मैलांनाही मर्यादा असते.

भारतात तशी सोय सहज नसली तरी इकडच्या अनुभवातून एक सावधगिरी सांगाविशी वाटते. आमच्याकडे मान्य किंमत आणि नमूद किंमत असे दोन प्रकार आहेत आणि ऐकायला ते सारखेच वाटतात. मान्य किमतीत ठरलेली रक्कम मिळते. नमूद किमतीत आपण लिहिलेली रक्कम आणि त्या दिवसाचा बाजारभाव, यांपैकी जी कमी असेल ती मिळू शकते. माझ्या एका परिचितांनी मोठी रक्कम नमूद करून तिच्यावर वर्षानुवर्षे हप्ता भरला आणि दाव्याच्या वेळी बाजारभाव पुढे आला. म्हणून आयडीव्ही वाढवून मिळाली की ती पूर्ण नुकसानीत कशी दिली जाईल, याचे पॉलिसीतले वाक्य शब्दशः वाचून घ्या.

निवृत्त_सर्व्हेअर

फार उपयुक्त मुद्दा. आपल्याकडच्या प्रमाणित पॉलिसीत आयडीव्ही हीच त्या विमा वर्षापुरती गाडीची किंमत मानली जाते आणि पूर्ण नुकसानीत तिच्यावर पुन्हा घसारा लावत नाहीत. म्हणून आयडीव्ही परस्परसंमतीने नीट ठरली, तर मान्य किमतीच्या बऱ्याच जवळ पोहोचता येते. भागांच्या दुरुस्तीवरचा घसारा मात्र टळत नाही. झिरो डेप्रिसिएशनचे, म्हणजे हा घसारा न कापण्याचे, जोडसंरक्षण इतक्या जुन्या गाडीला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

बेळगावची_मॉरिस

माझ्याकडे मॉरिस मायनर आहे, ९४८ सीसी, त्यामुळे थर्ड पार्टी हप्ता २,०९४ मध्येच भागतो. माझा प्रश्न थोडा बाजूचा आहे. गावात लग्नसराईत वरातीसाठी गाडी मागतात आणि पेट्रोल-देखभालीपोटी दोन-तीन हजार देऊ करतात. त्यातून विम्याचा खर्च सुटतो. हे चालते का?

निवृत्त_सर्व्हेअर

चालत नाही. खासगी मोटारीच्या पॉलिसीत भाड्याने किंवा मोबदल्यासाठी केलेला वापर स्पष्टपणे वगळलेला आहे. वरातीत गर्दी असते, फटाके असतात, पोरे बोनेटवर चढतात. तिथेच नुकसान होण्याचा संभव सर्वांत जास्त, आणि नेमका तिथेच विमा लागू नसतो. नात्यातल्या लग्नाला पैसे न घेता गाडी न्यावी, त्याला हरकत नाही. याच जोडीने सांगतो की शर्यत, वेगाची चाचणी आणि वेळ लावून होणाऱ्या रॅलीही वगळलेल्या असतात. नुसत्या संचलनाला अडचण येत नाही, परंतु रॅलीत वेळेवर गुण असतील तर आधी कंपनीकडून त्यासाठीचे पृष्ठांकन, म्हणजे पॉलिसीला जोडलेली लेखी नोंद, घ्यावे.

कोथरूडकर

साडेतीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण काम कालच पूर्ण झाले. विंटेज नोंदणी न करण्याचे आम्ही ठरवले, आईला गाडीतून हिंडायचे आहे. पॉलिसी माझ्या नावावर करून घेतली. नंतर एका सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीच्या शाखेत अर्ज, पावत्यांची फाईल आणि परवानाधारक सर्व्हेअरचा मूल्यांकन अहवाल दिला. पाहणीला आलेल्या बाईंनी खिशातून छोटे लोहचुंबक काढून प्रत्येक दारावर आणि मडगार्डवर फिरवले, पुट्टी कुठे किती आहे ते कळावे म्हणून. मागच्या डाव्या मडगार्डवर एका जागी ते धरले नाही, तेव्हा त्यांनी तेवढ्याची नोंद केली. बोनेटखालच्या चेसिस क्रमांकावर कागद धरून पेन्सिलने छाप घेतली. तासभर त्या एक शब्द न बोलता काम करत होत्या आणि निघताना म्हणाल्या की त्यांच्या आजोबांकडे हीच गाडी होती.

माझ्या ३,८०,००० च्या मागणीवर कंपनीने ३,२५,००० मान्य केले. दहा वर्षांपुढच्या गाडीला पुणे विभागात जुन्या टॅरिफचा दर ३.५२९ टक्के आहे, शाखेने तोच धरला आणि ११,४६९ रुपये झाले. १५,००० च्या स्वेच्छा वजावटीने २,५०० कमी झाले, हॅचबॅकचा ५० टक्के बोनस लागून ४,४८५ उरले. थर्ड पार्टीचे ३,४१६ आणि जीएसटी मिळून एकूण ९,३२३ रुपये भरले. वैयक्तिक अपघात संरक्षण माझ्या स्कूटरच्या पॉलिसीत आहे, तसे लिहून दिले.

घाटरस्ता

आपला हिशेब दोनदा वाचला. फक्त थर्ड पार्टीच्या माझ्या ४,०३१ शी तुलना केली तर फरक ५,२९२ रुपयांचा आहे, महिन्याला साडेचारशेच्या आसपास. मी इतकी वर्षे तो फार मोठा समजत होतो. माझ्याकडे ॲम्बेसेडरच्या पावत्या नाहीत, बहुतेक काम रोखीने झाले. मूल्यांकन अहवालासाठी मग काय सादर करावे?

निवृत्त_सर्व्हेअर

ज्या गॅरेजमध्ये काम झाले त्यांच्याकडून कामाच्या तपशिलाचे सहीनिशी पत्र घ्यावे. काम चालू असतानाचे फोटो मोबाईलमध्ये असतील तर त्यांवर तारीख असते, ते छापून जोडावेत. गाडीचे आजचे फोटो दिवसाउजेडी, चारही बाजूंनी, इंजिन आणि तळासह काढावेत, आणि एका फोटोत मीटरचे वाचन व त्या दिवसाचे वर्तमानपत्र दिसू द्यावे. पॉलिसीची मुदत संपायच्या किमान महिनाभर आधी हे हाती घ्यावे, कारण एक दिवसाचाही खंड पडला तर पाहणी नव्याने होते, आणि खंड ९० दिवसांवर गेला की साठलेला बोनस जातो. आपली मुदत केव्हा संपते ते कळवावे, अर्जाचा मसुदा मी तयार करून देतो.